वापरायचं पाणी

टँकर सहाला दहा मिनिटं कमी असताना आला, म्हणजे ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी, आणि नमुनेबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी वेळेआधी आलेला टँकर पाहिला नव्हता.

नोकरी पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत. दर मंगळवारी खांद्याला बर्फाची पेटी अडकवून त्या शहरभर फिरायच्या, ठरलेल्या बावीस नळांचं पाणी बाटल्यांत भरायच्या आणि दुपारनंतर ते तपासायच्या. नळाचे नमुने घेतात म्हणून नमुनेबाई. नाव ठेवलं होतं याच रस्त्यावरच्या सलूनवाल्याने. त्याच्या दुकानातला नळ बावीसांपैकी चौदावा. ‘नमुना’ या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे हे नाव ठेवणाऱ्याला ठाऊक होतं आणि बाईंनाही. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. दोन्ही अर्थांनी नाव तसं चुकीचं नव्हतं.

आज मात्र मंगळवार नव्हता, रविवार होता, आणि बाई नमुने घ्यायला नव्हे तर पाणी द्यायला आल्या होत्या. त्यांचे धाकटे दीर शाळेत खेळाचे शिक्षक. दरवर्षी ते वस्तीतल्या लोकांची दहा किलोमीटरची शर्यत भरवायचे. पाच किलोमीटर जायचं, वळायचं, त्याच वाटेने परत यायचं. वळायच्या जागी पाण्याची दोन टेबलं. यंदा बाराशे नावं आली होती. गेल्या वर्षी उन्हात दोघंजण चक्कर येऊन पडले होते, म्हणून यंदा शर्यतीच्या डॉक्टरने एक अट घातली होती: वळणावर प्रत्येकाला पुरेल इतकं पिण्याचं पाणी असेल तरच दहा किलोमीटर. नसेल तर सगळ्यांना अर्ध्या वाटेतूनच माघारी वळवायचं.

“पाच किलोमीटर म्हणजे काय शर्यत आहे?” दीर आठवडाभर घरोघरी सांगत फिरले होते. “तो तर सकाळचा फेरफटका. मी बाराशे लोकांना काय फेरफटक्याची पदकं वाटू?”

पदकांवर ‘दहा’ हा आकडा कोरून झाला होता. नमुनेबाईंचे यजमान ती पदकं घेऊन शेवटच्या रेषेपाशी बसले होते.

“थांबा हं जरा,” बाई टँकरच्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

पण ड्रायव्हर चटपटीत माणूस. त्याने पाइप केव्हाच पहिल्या निळ्या पिंपात सोडला होता. दीडशे लिटरचं पिंप गळ्यापर्यंत आलं तेव्हा त्याने पाइप उचलला आणि दुसऱ्या पिंपाकडे वळला. तोवर बाई त्या पिंपावर झाकण ठेवून झाकणावर हात ठेवून उभ्या होत्या.

“म्हटलं ना थांबा.”

त्यांनी पर्समधून प्लॅस्टिकची एक छोटी डबी काढली. आत दोन परीक्षानळ्या आणि एक थेंबबाटली.

“बघितलंत?” त्यांची जाऊ शेजारच्या कंडक्टरकाकांना म्हणाली. “बायका पर्समध्ये कंगवा ठेवतात. आमच्या ताई प्रयोगशाळा ठेवतात.”

ही जाऊ दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायची. बंद दारातून, दोन खोल्या ओलांडून, कमी ऐकू येणाऱ्याला ऐकू जाईल असा तिचा आवाज होता. कंडक्टरकाका बसमधून निवृत्त झालेले. आणखी चार-पाच जण टेबलावर कागदी ग्लास मांडत होते.

बाईंनी नळीत टँकरचं पाणी घेतलं, तीन थेंब टाकले, नळी हलवली आणि आभाळाकडे धरली. काहीच झालं नाही. पाणी होतं तसंच, काचेसारखं.

एवढ्यात स्कूटरवरून दीर आले. गळ्यात शिट्टी, हातात फोन. त्यांनी नळीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

“वा! रंगबिंग काही आला नाही. म्हणजे एकदम शुद्ध.”

“उलटं, भाऊजी,” बाई म्हणाल्या. “यात क्लोरीन असतं तर पिवळा रंग आला असता. रंग नाही, म्हणजे क्लोरीन नाही. हे पाणी आमच्याकडून आलेलंच नाही.” त्यांनी नळी नाकाशी नेली. शेवाळाचा अगदी बारीक वास होता, इतका बारीक की दुसऱ्या कोणाला आला नसता. “कुठून भरलंत हो?”

“विहिरीवरून,” ड्रायव्हर म्हणाला. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. “नव्या इमारतींचं बांधकाम चाललंय ना, त्यामागची. वापरायचं पाणी तिथूनच भरतो आम्ही.”

“वापरायचं?” दीर ओरडलेच. “अहो, पिण्याचं सांगितलं होतं मी!”

“नाही सांगितलं.” ड्रायव्हरने खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढली आणि वाचली. “‘रविवार, सकाळी सहा, शर्यतीच्या वळणावर. वापरायचं पाणी, एक टँकर.’ फोन मीच घेतला होता. तुम्ही म्हणालात, शर्यतीला वापरायचं पाणी पाहिजे.”

“हो, म्हणजे शर्यतीसाठी वापरायचं! लोकांना द्यायला वापरायचं!”

“मग तेच आणलंय की. पिण्याचं म्हणाला असता तर पिण्याचं आणलं असतं. घरी बायकोला विचारा, वापरायचं पाणी म्हणजे काय. भांडी, फरशी, बाथरूम.”

घरची बायको, म्हणजे हीच जाऊ, तिथेच उभी होती. “मला विचारायची गरज नाही,” ती म्हणाली. “यांनी गेली पंधरा वर्षं पिण्याचं पाणी स्वतः घेतलंय कुठे? समोर ग्लास येतो. तो कुठल्या माठातून येतो, आणि फरशी कुठल्या बादलीने पुसतात, हे यांच्या गावीही नाही.”

दिरांच्या तोंडचं पाणी पळालं. घड्याळात सहाला दोन मिनिटं होती. शर्यत साडेसहाला सुटायची.

“वहिनी,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “तुमच्या त्या गोळ्या असतात ना क्लोरीनच्या? दोन-चार टाकून द्या टँकरमध्ये. मिटलं.”

“नाही मिटत. गोळीने जंतू मरतात, तेही अर्ध्या तासाने, आणि पाण्यात किती घाण आहे हे माहीत असेल तर. बांधकामाच्या विहिरीत जंतूंशिवाय काय काय असतं ते मला ठाऊक नाही. जे मला ठाऊक नाही त्यावर मी सही करत नाही.”

“सही कोण मागतंय? हे बघा किती स्वच्छ दिसतंय.”

“माझ्या टेबलावरून ग्लास गेला म्हणजे माझी सहीच ती.” बाईंनी नळी ओतून दिली. “बाराशे माणसं, भाऊजी. पोट बिघडायला लागलं तर उद्या दवाखान्यात हिलाच नंबर पुकारावे लागतील.”

“आणि माझा घसा तेवढा चालणार नाही,” जाऊ म्हणाली.

दिरांचा फोन वाजला. डॉक्टर सुरुवातीच्या रेषेपाशी उभा होता आणि त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. दिरांनी फोनवर तळवा झाकला. त्यांचा चेहरा खेळाच्या तासाला पाय मुरगळलेल्या पोरासारखा झाला होता.

“काय सांगू? वळणावर पाणी आहे की नाही?”

नमुनेबाईंनी मनात हिशेब मांडला. बाराशे माणसं. प्रत्येकी पाव लिटर. तीनशे लिटर. एक पिंप रिकामं आणि स्वच्छ. पहिला धावणारा पाच किलोमीटरवर सतरा मिनिटांत पोहोचेल, शेवटचा चालणारा तासाभराने. या भागाला नळाचं पाणी सातपर्यंत असतं. आणि साठ पावलांवर, पेनची जाहिरात रंगवलेल्या सलूनच्या शटरमागे, चौदावा नळ. तो वरच्या टाकीवरून येत नव्हता, थेट रस्त्यातल्या मुख्य लाइनवर होता. म्हणून तर त्यांनी तो निवडला होता. गेल्या मंगळवारी त्याचा नमुना पास झाला होता. त्याआधीच्या मंगळवारीही. एकोणीस वर्षांत तो दोनदाच नापास झाला होता आणि दोन्ही तारखा त्यांना पाठ होत्या.

“पाणी आहे म्हणून सांगा,” त्या म्हणाल्या.

“कुठलं?”

“नळाचं.”

“बहुतेक मिळेल का नक्की मिळेल?”

“मी कधी ‘बहुतेक’ म्हणाल्याचं ऐकलंय तुम्ही?”

दिरांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी तळवा काढला, “आहे, आहे, सगळी सोय आहे,” असं डॉक्टरला सांगितलं आणि स्कूटरला किक मारली. जाताना मात्र मागे वळून म्हणाले, “वहिनी, आता माझी अब्रू तुमच्या हातात.”

“अब्रू नंतर बघू. आधी बादली द्या ती.”

सलूनवाला दुकानामागेच राहायचा. त्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या अर्ध्या गालावर साबणाचा फेस होता आणि अर्धा गाल गुळगुळीत. लोकांच्या दाढ्या करणारा माणूस स्वतःची दाढी रविवारी पहाटे करतो हे बाईंना पहिल्यांदाच कळलं.

“नमुनेबाई? आज मंगळवार आहे?”

“रविवार आहे. तुमचा नळ हवाय.”

“बाटलीभर?”

“तीनशे लिटर.”

त्याने वस्तरा खाली ठेवला. “एकोणीस वर्षं एक-एक बाटली नेलीत. आज एकदम व्याजासकट?” पण तोंडाने बोलत असतानाच त्याने शटर वर ढकललं होतं. “चला. गिऱ्हाईक आठला येतं. तोवर दुकान तुमचं.”

बाईंनी आधी नळ दोन मिनिटं नुसता वाहू दिला. जाऊ मागून “ताई, ताई, घड्याळ!” असं म्हणत होती, पण ही दोन मिनिटं त्या कोणासाठी सोडत नसत. रात्रभर पाइपात बसून राहिलेलं पाणी आधी जायला हवं. मग नळीत पाणी, तीन थेंब. नळीत लिंबाच्या सालीसारखा फिकट पिवळा रंग उतरला.

“अरे, हे खराब निघालं की!” सलूनवाला दचकला.

“आज सगळ्यांनी मिळून मला छळायचं ठरवलंय का?” बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज हसरा होता. “हाच रंग हवा. हे प्या बिनधास्त.”

मग त्यांनी नळाखाली दहा लिटरची बादली ठेवली आणि घड्याळ पाहिलं. बादली भरायला ऐंशी सेकंद लागले. मिनिटाला साडेसात लिटर. सहा वाजून पंधरा मिनिटं झाली होती. सातपर्यंत पंचेचाळीस मिनिटं. तीनशे सदतीस लिटर. हवे होते तीनशे.

“पुरेल,” त्या म्हणाल्या. “पण साठवायचं कशात? एकच पिंप आहे, दीडशेचं.”

“दुसरं पिंप धुऊन घेऊ,” कंडक्टरकाका म्हणाले.

“विहिरीच्या पाण्याने भरलेलं? नीट धुवायला, औषध घालून अर्धा तास ठेवायला वेळ नाही. ते बाद.”

“मग घरोघरची भांडी आणू,” जाऊ म्हणाली आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. दोन्ही हात तोंडाशी नेले. “ऐका हो ऐका! शर्यतीला पाणी भरायचंय! मोठी पातेली, पिंपं, कळश्या घेऊन खाली या! घासलेली आणा! रात्रीची खरकटी आणू नका!”

रविवारी सकाळी सव्वासहाला झोपलेला रस्ता एका दमात उठला. खिडक्या उघडल्या. कोणी विचारलं, “काय झालं? आग लागली?” कोणी म्हणालं, “काही नाही, दवाखान्यातल्या बाई आहेत.” पाच मिनिटांत लोक जिने उतरू लागले. एकाने लग्नकार्यातलं दोन माणसांनी उचलायचं पातेलं आणलं. एका आजींनी पितळेची कळशी आणली आणि “पोचे आलेत, पण गळत नाही” असं प्रत्येकाला सांगितलं. एका नवऱ्याने सात लिटरचा प्रेशर कुकर आणला, शिट्टीसकट.

नमुनेबाई सलूनच्या पायरीवर उभ्या राहून एकेक भांडं तपासत होत्या. आत बोट फिरवायच्या, बोट अंगठ्यावर घासायच्या, वास घ्यायच्या.

“हे घ्या. हेही घ्या. हे नको, साबण राहिलाय.”

“काल रात्रीच घासलंय हो मी,” एक बाई रागावल्या.

“घासलंय छान. विसळलं नाही.”

“सासूबाईसुद्धा एवढं बघत नाहीत आमच्या,” असं पुटपुटत त्या बाई भांडं घेऊन विसळायला गेल्या, आणि परत आल्या तेव्हा रांगेत सगळ्यांच्या पुढे उभ्या राहिल्या.

नळापासून टेबलापर्यंत साठ पावलं. तेवढ्या अंतरात अठरा माणसं उभी राहिली आणि भांडी हातोहात जाऊ लागली, भरलेली या बाजूने, रिकामी त्या बाजूने. अर्धी दाढी झालेला सलूनवाला नळापाशी बसला आणि ती जागा त्याने शेवटपर्यंत कोणाला दिली नाही. ड्रायव्हर जरा वेळ बाजूला उभा होता. त्याने रीतसर सांगितलेलं पाणी रीतसर आणलं होतं आणि तरी सगळे त्याच्याकडे चोर असल्यासारखे बघत होते. बाई त्याच्याकडे गेल्या.

“तुमची चूक नाही,” त्या म्हणाल्या. “पण एक काम तुम्हीच करू शकता. तहानलेला माणूस टँकर दिसला की नळच शोधेल. त्याला तिथे तोंड लावू द्यायचं नाही.”

ड्रायव्हरने टँकर थोडा मागे घेतला, त्याच्या नळासमोर स्टूल टाकलं आणि त्यावर पाय पसरून बसला. “आता देव आला तरी थेंब मिळणार नाही,” तो म्हणाला.

साडेसहाला दूरवर शिट्टी झाली असणार. इथे ती ऐकू आली नाही. इथे त्याच सुमाराला बाईंना दुसरंच काहीतरी ऐकू आलं. सलूनमधल्या नळाचा आवाज बदलला होता. मघाशी पाणी बादलीत जोराने आपटत होतं, आता नुसतं सांडल्यासारखं पडत होतं. त्यांनी पुन्हा बादली लावली. दहा लिटरला अडीच मिनिटं. मिनिटाला चार लिटर.

“लाइन फुटली?” सलूनवाल्याने विचारलं.

बाईंनी दारातून बाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर स्वयंपाकघराचा दिवा लागला होता. कोणी चहाचं आधण ठेवत होतं, कोणी आंघोळीला बसलं होतं. गॅलरीत एक गृहस्थ दात घासत खालची गंमत बघत होते.

“लाइन नाही फुटली,” त्या म्हणाल्या. “आपण रस्ता उठवला. उठलेल्या माणसाने नळ उघडला.”

जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. “म्हणजे हा माझ्या आवाजाचा पराक्रम?”

“हो. आता त्याच आवाजाने बंद कर.”

ती पुन्हा रस्त्याच्या मधोमध गेली. “नळ बंद करा हो! सातपर्यंत कोणी नळ उघडू नका! आंघोळी नंतर करा!”

“आत्ता तर उठवलंत!” वरून एकजण ओरडला. “मी साबण लावून उभा आहे!”

“मग उभे राहा!”

थोडे नळ बंद झाले, सगळे झाले नाहीत. ज्यांनी भांडी खाली पाठवली होती त्यांनी बंद केले. ज्यांनी नव्हती पाठवली त्यांना कोणी सांगून उपयोग नव्हता. पाणी चारवर आलं होतं ते चारच राहिलं. बाईंनी मनातला आकडा पुसला आणि नवीन मांडला. वीस मिनिटांचे दीडशे, पुढच्या पंचवीस मिनिटांचे शंभर. अडीचशे. पन्नास लिटर कमी. दोनशे माणसांचा वाटा.

त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. घाबरलेले हात पाणी जास्त सांडतात.

सहा सत्तेचाळीसला पहिला धावणारा आला. तो थांबलासुद्धा नाही. कंडक्टरकाकांच्या हातून त्याने ग्लास असा उचलला की जणू त्यांनी धरलेलाच नव्हता, अर्धा तोंडात, अर्धा शर्टवर, आणि वळून गेला. मग दोघे, मग पाच, मग रस्ताभर माणसं. कंडक्टरकाकांचा जुना सूर जागा झाला. “पुढे चला, पुढे चला! पुढच्या टेबलावर जागा आहे! दारात गर्दी करू नका!” दार कुठेही नव्हतं, पण लोक पुढे सरकले. टँकरकडे वळलेल्या दोघातिघांना ड्रायव्हरने स्टुलावरूनच हाकलून लावलं.

एकाने ग्लास घेऊन डोक्यावर ओतला. मागच्या चौघांनी ते पाहिलं आणि तसंच केलं.

“काका, तुमच्या आवाजात सांगा,” बाई म्हणाल्या. “प्यायचं आहे, ओतायचं नाही.”

“प्यायचं आहे, ओतायचं नाही! ज्यांना आंघोळ करायची आहे त्यांनी घरी जाऊन करा! ज्यांना प्यायचं आहे त्यांनी पुढे चला!”

सातला नळ बंद झाला. सलूनवाला शेवटची कळशी स्वतः उचलून घेऊन आला. गालावरचा फेस वाळून पांढरा पापुद्रा झाला होता.

सात वाजून दहा मिनिटांनी बाईंनी पिंपात पट्टी बुडवली, पातेल्यांकडे नजर टाकली आणि बेरीज केली. साठ लिटर. वळणावर नंबर टिपून घेणाऱ्या गृहस्थांना विचारलं. सातशे तीन माणसं गेली होती. राहिली चारशे सत्त्याण्णव. एकेकाला एकशेवीस मिलिलिटर, तेही एक थेंब वाया गेला नाही तर. ग्लास दीडशेचा.

तेवढ्यात दीर स्कूटरवरून आले. त्यांनी पिंपात डोकावून पाहिलं आणि त्यांचा आवाज चिरकला.

“वहिनी, हे एवढंच? अजून पाचशे यायचेत! डॉक्टरला फोन करू का? मागच्यांना आताच वळवतील ते.”

“करू नका.” बाईंनी एक रिकामा ग्लास घेतला, डबीतल्या नळीने मोजून त्यात शंभर मिली पाणी ओतलं आणि पाण्याच्या पातळीला पेनाने रेघ मारली. तो ग्लास त्यांनी टेबलाच्या मध्ये ठेवला. “इथून पुढे प्रत्येक ग्लास या रेघेपर्यंत. वर नाही, खाली नाही.”

“ताई, पाहुण्याला अर्धा ग्लास?” जाऊ म्हणाली. “लोक काय म्हणतील? कंजूष.”

“मघापासून बघतेय मी,” बाई म्हणाल्या. “पळता पळता जो भरलेला ग्लास उचलतो त्याच्या पोटात दोन तृतीयांश जातं. बाकीचं कोपरावरून खाली. रस्ता बघ किती ओला आहे. आता जे येतायत ते चालत येतायत. हे सांडणार नाहीत. मघाच्या माणसाने भरल्या ग्लासातून जेवढं प्यायलं, तेवढंच हा यातून पिणार आहे.”

जाऊने रस्त्याकडे पाहिलं. टेबलापुढचा डांबराचा पट्टा काळा पडला होता. मग तिने तोंड मिटलं आणि रेघेपर्यंत ग्लास भरायला लागली. असं फार क्वचित व्हायचं.

दीर फोन हातात धरून उभे होते. “समजा कमी पडलं तर?”

“चारशे सत्त्याण्णव गुणिले शंभर. पन्नास लिटरला तीनशे मिली कमी. साठ आहेत. दहा उरतात.” त्यांनी पट्टी पुसून ठेवली. “आणि तुम्ही असे पिंपावर वाकून उभे राहू नका. घामाचं मी मोजलेलं नाही.”

दिरांनी फोन खिशात टाकला. मग शिट्टीही काढून खिशात टाकली, बाह्या सारल्या आणि टेबलामागे येऊन उभे राहिले. त्यांचा पहिला ग्लास रेघेच्या वर गेला. बाईंनी तो उचलला, जास्तीचं पाणी पातेल्यात परत केलं आणि ग्लास त्यांच्या हातात दिला. दुसरा ग्लास बरोबर रेघेवर होता.

खरंच, कोणी तक्रार केली नाही. शाळेतल्या शिक्षिकांचा घोळका बोलत बोलत आला, ग्लास रिकामे केले, बोलत बोलत गेला. लाल टोपीवाले एक आजोबा पाणी पिऊन ग्लास उलटा करून दाखवून गेले. गर्भार लेकीबरोबर चालणाऱ्या एका आईला बाईंनी न मागता दुसरा ग्लास दिला. हिशेबात दहा लिटर होते ते अशाच कोणासाठी तरी. ऊन चांगलंच वर आलं होतं. रुग्णवाहिका शेवटच्या माणसामागून हळूहळू येणार होती, आणि साडेसातला ती रस्त्याच्या टोकाला दिसली. तिच्यापुढे एकच माणूस होता.

तो या भागातला पोस्टमन निघाला. चांगला चालणारा, रोज बारा-पंधरा किलोमीटर पायाखाली घालणारा. पण या रस्त्यावरच्या प्रत्येक दाराशी त्याची ओळख. आज रस्ता बंद, माणसं सगळी दारात उभी, आणि प्रत्येकजण त्याला थांबवून काहीतरी विचारत होता. “माझं पत्र आलं का?” याचं उत्तर त्याने रविवारी, छातीवर नंबर लावून, चाळीस वेळा तरी दिलं असावं.

“शेवटचा मीच ना?” तो टेबलाशी येत म्हणाला.

“तुम्हीच,” नंबर टिपणारे गृहस्थ म्हणाले. “बाराशेवा.”

जाऊने ग्लास दिला. त्याने एका घोटात संपवला. दुसरा दिला. तोही संपला. मग त्याने रुमालाने मान पुसली, टेबलावरच्या रिकाम्या पातेल्यांकडे, उपड्या पिंपाकडे, कुकरकडे पाहिलं आणि जरा संकोचला.

“बोलून बोलून घसा कोरडा पडलाय. अजून एक असेल का? संपलं असेल तर राहू दे.”

दिरांनी वहिनींकडे पाहिलं. जाऊने पाहिलं. अर्ध्या दाढीच्या सलूनवाल्यानेही पाहिलं.

नमुनेबाईंनी पोचे आलेली पितळेची कळशी दोन्ही हातांनी उचलली. ग्लास टेबलावर ठेवला आणि ओतायला लागल्या. रेघेची पातळी आली, गेली. पाणी काठापर्यंत आलं तेव्हा त्यांनी कळशी सरळ केली. आत अजून पाणी डुचमळल्याचा आवाज आला.

“आहे,” त्या म्हणाल्या. “सावकाश प्या.”